हाक आली तरी वळायचं नाही

नोव्हेंबर अर्धा सरतो आणि एका पहाटे खोलीतला एसी बंद करावासा वाटतो. सौदीतल्या आमच्या अबकैकमध्ये थंडी येते ती अशी. बाकीचे लोक खूश होतात, पेटीतून स्वेटर काढतात, शुक्रवारी समुद्रावर जायचे बेत करतात. माझं मात्र त्या दिवसापासून डोकं फिरायला लागतं. थंडी पडली म्हणजे क्रिकेटचा सीझन सुरू झाला, आणि सीझन सुरू झाला म्हणजे माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

कसला ताप म्हणून विचाराल तर ऐका. आठ महिने गरमीत बॅटला हात न लावलेले कामगारांच्या कॅम्पमधले पंधरा गडी एका शुक्रवारी सकाळी वाळूत येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "कोच, टीम सांगा." अरे, आधी मैदानाला एक चक्कर तर मारा! धावायला सांगितलं की एकाचा गुडघा दुखतो, दुसऱ्याला नेमका गावाहून फोन येतो, तिसरा तोंड वर करून सांगतो की मी बॉलर आहे, धावायचं काम बॅट्समनचं. पोटं बघावीत तर प्रत्येकाने जर्सीत एकेक कलिंगड लपवलेलं. बरं, ओरडून ओरडून टीम जरा उभी करावी, तर नेमका तेव्हाच प्लांटचा शटडाऊन लागतो. वर्षाची मोठी दुरुस्ती थंडीतच निघते, कारण उन्हाळ्यात त्या पाइपांना हात लावला तर कातडं सोलून निघेल. मग माझा ओपनिंग बॉलर बारा तासांच्या ड्यूटीवर आणि विकेटकीपर टाकीच्या आत. सतरा वर्षं मी हेच बघतोय. दर वर्षी म्हणतो, आता बास, खलास, पुढच्या वर्षी यांचं तोंड बघायचं नाही. आणि दर वर्षी एसी बंद करावासा वाटला की दुसऱ्या दिवशी शिट्टी शोधायला लागतो.

तिकडे आमच्या रायगडात याच दिवसांत भाताची कापणी झालेली असते. खाचरं मोकळी पडलेली. गावची पोरं बांध फोडून दोन-चार खाचरांचं एक मैदान करतात, रोलर फिरवतात, चुना मारतात. कितीही रोलर फिरवा, धसकटं राहतातच. अनवाणी फिल्डिंग केलेल्या माणसाला विचारा ती तळव्याला कशी लागतात. मांडवात कर्णा लागतो, टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर माणसापेक्षा उंच ट्रॉफी आणि खुंटीला बांधलेला बोकड. तो बोकड मालिकावीराचा. सामने टेनिस बॉलचे, पण खेळ असा की गावं वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत.

मी त्या मैदानांवर दहा वर्षं खेळलो. शौक म्हणून नव्हे, कामच होतं ते माझं. डिसेंबर ते मे. आज या गावाला, रविवारी त्या गावाला. मोटरसायकलवर न्यायला यायचे, सामना झाला की जेवू घालून एसटीच्या थांब्यावर सोडायचे. मी लांब मारायचो. डावखुरा, आणि लेगला उचलून मारलेला माझा बॉल नारळांच्या पलीकडे जायचा, हे खोटं सांगत नाही. खोटं बाकीचं सगळं होतं.

म्हणजे असं की नियम कडक होता, गावच्या संघात गावचाच खेळाडू पाहिजे. मतदारयादी घेऊन बसायचे. मग बाहेरचा गडी आणायचा तर त्याला गावातलं कुणाचंतरी नाव द्यायला पाहिजे, आणि ज्याचं नाव द्यायचं तो नेमका त्या वेळी मैदानाच्या कडेला शेंगा खात उभा नको. तर आमच्याकडे यावर एक उपाय निघाला होता. प्रत्येक गावातले दहा-वीस गडी आखाती देशांत कामाला. यादीत नाव आहे, गावात माणूस नाही. बस्स. बाहेरच्या खेळाडूने त्यांच्या नावावर खेळायचं. एका सीझनला तर मी अकरा नावांनी खेळलो. कुठे सुरेश, कुठे नथुराम, कुठे मंगेश घरत. कर्ण्यावरचा समालोचक मला चांगला ओळखायचा, परवाच शेजारच्या गावात बॉलरना माझ्या हातून मार खाताना त्याने बघितलेलं असायचं, तरी बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "आपल्या गावचा सुपुत्र, मंगेऽऽश घरत!" मला हसू यायचं. वय चोवीस-पंचवीस, त्या वयात कशाचंही हसू येतं.

समोरचे काही दूधखुळे नव्हते. बाहेरचा आणलाय असा संशय आला की ते एक युक्ती करायचे. मी बॉलकडे बघत उभा असायचो आणि मागून बाउंड्रीवरून कुणीतरी माझ्या खऱ्या नावाने सहज हाक मारायचं, "ए संतोष!" वळलास की मेलास. एकदा वळलो. सेमीफायनल होती, सात बॉलमध्ये नऊ रन हवे होते, आणि "संत्या, चहा घे रे" असा इतका घरचा आवाज आला की मान आपोआप फिरली. सामना रद्द, आमचा संघ बाद. ज्यांनी सकाळी मिरवत आणलं होतं त्यांनी मला पाण्यालासुद्धा विचारलं नाही. भर उन्हात पाच किलोमीटर चालत थांब्यावर आलो. त्यानंतर मी स्वतःला शिकवलं, मैदानावर असताना आपलं नाव आपलं नाही. आईने मारली तरी ती हाक आपली नाही. इतकं पक्कं शिकवलं की पुढे एकदाही चूक झाली नाही.

तिथल्या शेवटच्या सीझननंतर मी सौदीला आलो. मचाण बांधायच्या कामाला, इथे त्याला स्कॅफोल्डिंग म्हणतात. ज्या लोकांच्या नावावर खेळलो त्यांच्याच मागोमाग आलो, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, मचाणवाला, शुक्रवारी कॅम्पचा कोच, खोलीत सहा खाटा. लग्नाला एकवीस वर्षं झाली. सुट्ट्यांचे महिने जोडले तरी बायकोबरोबर राहिलो ती सगळी मिळून सहा-सात वर्षंसुद्धा भरत नाहीत.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या टोळीला एका मोठ्या कंपाउंडमध्ये पाठवलं. कंपाउंड म्हणजे साहेब लोकांची भिंतीआडची वसाहत. तिथे बेसबॉलचं मैदान आहे, हिरवंगार. वाळवंटात आम्हाला पिचवर अंथरायला मॅट मिळत नाही आणि इथे पोरांच्या खेळायला गवत! त्याच्या उंच जाळीचे खांब बदलायचे होते. मी वर मचाणावर, कमरेला पट्टा, हातात पाना. खाली पोरं खेळत होती. एकाने तो गोल दांडका असा फिरवला की बॉल सुटला तो सरळ माझ्याकडे. विचार करायला वेळच नव्हता. पाना उजव्या हातात तसाच ठेवून मी डावा हात लांब केला आणि झेल घेतला. बेसबॉलचा बॉल म्हणजे दगड हो, तळहात आठ दिवस निळा होता.

खाली टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ सेफ्टी ऑफिसरची बोंब. उंचीवर काम करताना लक्ष विचलित केलं म्हणून मला ताकीदपत्र मिळालं. सतरा वर्षांत कागदावर माझ्या खऱ्या नावाने खेळाबद्दल काही लिहिलं गेलं असेल तर ते हे ताकीदपत्र!

त्या पोरांचा कोच डेल नावाचा अमेरिकन. साठीचा, उन्हाने लाल झालेला, चालताना एक पाय ओढणारा. दुपारच्या सुट्टीत तो मचाणापाशी आला आणि विचारायला लागला, कुठे खेळलास. माझं इंग्रजी मोडकं, त्याला हिंदी शून्य, तरी खेळणाऱ्या माणसांचं जमतं. तो स्वतः चौदा वर्षं पैसे घेऊन खेळलेला. अकरा संघ. एकाने सोडलं की दुसऱ्याने घ्यायचं, बसने गावोगाव फिरायचं, सगळ्यात वरच्या संघात पोचला तो फक्त तीन आठवडे. मग गुडघा गेला आणि कोच झाला. मी मनात म्हटलं, अरे, हा तर माझाच भाऊ! तेवढ्यात त्याने फोन काढून मला एक पान दाखवलं. त्यात त्याचं नाव, जन्मगाव, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या हाताने मारतो, आणि चौदा वर्षांतला एकेक सामना. किती वेळा मारायला उभा राहिला, किती वेळा चुकला, सगळं. जो माणूस कुणाला आठवत नाही त्याचासुद्धा एकेक बॉल कुणीतरी लिहून ठेवलाय! "तुझं दाखव," तो म्हणाला. मी काय दाखवणार, कपाळ?

महिनाभराने त्यानेच निरोप पाठवला. कंपाउंडमध्ये भारतीय कुटुंबं वाढली होती, त्यांच्यासाठी क्रिकेटचा कोच नेमायचा होता. राहायला दोन खोल्या, आणि मुख्य म्हणजे फॅमिली स्टेटस. म्हणजे बायकोला आणता येईल. मचाणवाल्याच्या इकाम्यावर ते या जन्मात शक्य नव्हतं.

हे ऐकून मी त्याच दिवशी अर्ज मागवला, खरं सांगतो. कारण दुसऱ्या बाजूला आमच्या कंपनीने माझं ठरवून टाकलं होतं. गुडघे गेलेत, चढायला वेळ लावतो, जूनमध्ये करार संपला की फायनल एक्झिट. घरी जाऊन बसायचं म्हटलं तर मुलगी पुण्याला नर्सिंगला, तिची अजून तीन वर्षं बाकी. इथेच दुसरीकडे चिकटायचं तर परत सहा खाटांची खोली. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून सुवर्णा, म्हणजे माझी बायको, घरात एकटीच. तक्रार करायची तिची पद्धत नाही. एकदा फोनवर एवढंच म्हणाली, "दोन भाकऱ्या थापते, एक दुसऱ्या दिवशी सकाळी खाते." त्या दिवसापासून मला भाकरी गोड लागत नव्हती.

तर अर्ज. तीन रकाने होते. कोणत्या संघाकडून खेळलात, कधी खेळलात, पुरावा. पहिले दोन मी भराभर लिहिले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. दहा वर्षं खेळलो आणि संतोष धाडवे या माणसाने एक रन काढल्याचा जगात कुठे कागद नाही! माझ्याजवळ फक्त एक जुनं कात्रण. त्यात मी आहे, केस होते तेव्हा, एका हातात मालिकावीराची छोटी ट्रॉफी, दुसऱ्या हातात बोकडाची दोरी, आणि खाली छापलंय, मालिकावीर मंगेश घरत.

ज्या गावांसाठी खेळलो तिथे फोन लावले. म्हटलं, दोन ओळी लिहून द्या, हा गडी आमच्याकडून खेळला म्हणून. एका मंडळाचा अध्यक्ष, ज्याने मला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तो म्हणतो, "येडा झालास काय संत्या? लिहून दिलं तर ट्रॉफी परत मागतील!" अहो, वीस वर्षं झाली! ट्रॉफीचा पत्रा गंजला असेल! पण नाही. गावाची अब्रू. दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तिसरा म्हणाला, कोण संतोष? आणि तो खरंच विसरला होता, त्याच्या डोक्यात मी नथुरामच होतो. हसावं की रडावं कळेना.

मग आमच्याच गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीने कमाल केली. म्हणाला, "कशाला वणवण करतोस? तुझ्या नावाचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे." व्हॉट्सॲपवर आलं. उत्कृष्ट फलंदाज, संतोष धाडवे. सही, शिक्का, सगळं. मी विचारलं, हे कधीचं? तर म्हणे गेल्याच सीझनचं, कर्जतकडचा एक पोरगा आणला होता, तू सौदीला म्हणून तुझं नाव दिलं. "साल घातलेलं नाही, तुला पाहिजे ते घाल." मी खाटेवर बसून त्या कागदाकडे बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर रन असलेला कागद, आणि त्यातला एक रन माझा नाही. वापरला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिकडे कर्जतला कुणीतरी रिकाम्या हाताने एसटीला उभा राहिला असणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? डिलीट केला. आणि केल्यावर स्वतःला कचकचीत शिवी दिली.

राहिला मंगेश घरत. ज्याच्या नावाचं कात्रण होतं तो. त्या सीझनला तो सौदीत होता, म्हणजे त्याच्या जुन्या पासपोर्टवर शिक्के असणार. तो मैदानावर नव्हता हे पासपोर्ट सांगेल, तिथे कोण होतं हे फोटो सांगेल. दोन्ही एकत्र ठेवले की पुरावा तयार. रायगडच्या पोरांत चौकशी केली तर कळलं, मंगेश अजून सौदीतच आहे, हफ्र अल बातिनला एसी दुरुस्त करतो. एका शुक्रवारी पहाटेची बस धरली. सहा तास. दोन्ही बाजूंना नुसतं सपाट, उंट आणि विजेचे खांब.

मंगेश पन्नाशीचा, बारीक, चष्मेवाला. मी नाव सांगितलं, कात्रण पुढे केलं. त्याने ते नाकाशी धरून बघितलं आणि एकदम उठून मला मिठी मारली. "तू होतास होय!" म्हणाला. "वीस वर्षं मी विचार करतोय, माझ्या नावाने एवढं चांगलं खेळला तरी कोण!" मग मला सोडेचना. स्वतः सुरमई तळली, भात लावला. जेवताना म्हणाला, "ती ट्रॉफी माझ्या घरी टीव्हीवर आहे बरं का. नाव माझं, म्हणून मंडळाने माझ्या घरी आणून दिली. पोरं मोठी झाली तशी विचारायला लागली. आता काय सांगू? बाप घरी कधी नव्हता. शाळेत सोडायला नाही, आजारपणात नाही. बापाची एवढीच एक गोष्ट होती त्यांच्याकडे. म्हटलं, हो, मीच मारले."

मी कात्रण उचलून खिशात घातलं.

"पण एक लोच्या होतो," तो म्हणाला. "सुट्टीत गेलो की मुलगा खोदून खोदून विचारतो. फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये काय झालं, बाबा? मी दर वेळी वेगळं सांगतो आणि तो नुसता हसतो. तू आता आलाच आहेस तर सांग ना, काय झालं होतं?"

आणि मी सांगितलं! मागायला काय गेलो होतो, करत काय बसलो होतो! पहिला बॉल डोक्यावरून गेला, दुसऱ्यावर दोन धावलो, तिसरा लेगला उचलला तो नारळात अडकला आणि दुसरा बॉल येईपर्यंत दहा मिनिटं खेळ थांबला, सगळं. तो पाठ केल्यासारखं ओठ हलवत ऐकत होता. मध्येच उठला, झाडू हातात घेतला आणि म्हणाला, कसा उभा होतास दाखव. मी त्याला डावखुरा उभं राहायला शिकवलं. पुढचा पाय उघड, खांदा खाली, डोकं स्थिर. पन्नाशीच्या माणसाला एसीच्या दुकानात झाडू घेऊन! आणि अर्जाचं एक अक्षर माझ्या तोंडातून निघालं नाही. निघताना त्याने डब्यात सुरमई दिली. परतीच्या बसमध्ये सहा तास मी स्वतःवर इतका चिडलो होतो की डबा उघडलाच नाही.

सुवर्णाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एवढ्या लांब जाऊन परत त्याच्याच नावावर खेळून आलात."

मी म्हटलं, "अगं, त्याची पोरं..."

"आणि मी?" तिने एवढंच विचारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिने फोन ठेवून दिला.

पुढचे चार दिवस तिने फोन केला नाही, मी केला तर उचलला नाही. पाचव्या दिवशी तिचाच आला, आवाज वेगळा. बाईसाहेब एसटी पकडून सरळ मंगेशच्या गावी गेल्या होत्या! मला लाज वाटली ती हिला वाटली नाही. मंगेशच्या बायकोने, वनिताने, दार उघडलं. हिने सांगितलं, मी अमक्याची बायको, टीव्हीवरची ती ट्रॉफी माझ्या नवऱ्याने जिंकलेली आहे. मी असतो तर मेलो असतो. वनिता काय म्हणाली असेल? म्हणाली, "म्हणजे अकरा वडे खाल्ले ते तुमचे मिस्टर का? या, बसा."

तिला काय ठाऊक नसणार! सामन्याच्या दिवशी नवरा सौदीत होता आणि मला जेवायला वनितानेच वाढलं होतं, नवी नवरी होती तेव्हा. हे मला कसं सुचलं नाही? "आणि पोरं?" मी विचारलं. सुवर्णा हसायला लागली. मुलाने नववीत असतानाच कपाटातला जुना पासपोर्ट काढून शिक्का आणि ट्रॉफीवरचं साल ताडून बघितलं होतं. बहिणीला सांगितलं, आईला सांगितलं, आणि तिघांनी ठरवून टाकलं, बाबांना कळू द्यायचं नाही. वर्षातून एकदा येतो, मनापासून सांगतो, सांगू दे. मुलगा दर वेळी विचारतो ते बापाला बोलता यावं म्हणून.

वनिताने कागद लिहून दिला, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्ससकट. अट एकच, "आमच्या ह्यांना सांगायचं नाही." तो कागद माझ्या पाठ आहे. "माझे पती मंगेश घरत हे त्या मोसमात सौदी अरेबियात कामाला होते. ते क्रिकेट खेळत नाहीत. त्यांना ते येत नाही. त्यांच्या नावाने जे खेळले ते संतोष धाडवे. मी त्यांना माझ्या हाताने जेवायला वाढलेले आहे." माझ्या मुलीने त्याचं इंग्रजी करून दिलं.

डेलने तो वाचला, कात्रण बघितलं, आधी खो खो हसला. म्हणाला, एखादा माणूस खेळला नाही याचं सर्टिफिकेट पहिल्यांदा बघतोय. मग कागद परत एकदा वाचला. म्हणाला, "माझं सगळं लिहून ठेवलंय. पण मला जेवायला वाढल्याचं आठवणारं कुणी नाही." आणि त्याने कागदावर आपली शिफारस लिहिली. मग मला दोन दिवस सराव घ्यायला लावून बघितलं, तेव्हा कुठे गाडी हलली. हलली म्हणजे काय, इकाम्यावरचा हुद्दा बदलायला पूर्ण उन्हाळा गेला. या खिडकीवर जा, त्या खिडकीवर जा, साहेब नाही, इन्शाल्ला बुकरा. त्यांचा तो बुकरा, म्हणजे उद्या, एकदा गेला की पंधरा दिवस उजाडत नाही. त्याच्यावर लिहायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल.

सुवर्णा गेल्या महिन्यात आली. दोन खोल्या आहेत. ती भाकऱ्या थापते आणि मी त्यातच चूक काढून बोलणी खातो. कॅम्पच्या कलिंगडवाल्यांना मी सोडलेलं नाही, त्यांचा शुक्रवार त्यांनाच. बाकीचे दिवस कंपाउंडचे. तिथेही काही सुख नाही. पुण्यामुंबईचे इंजिनिअर, बूट नवे, ग्लोव्ह्ज नवे, बॉल आला की डोळे मिटतात. डेलने त्याच्या गवताचा एक कोपरा मला दिलाय आणि रोज येऊन सांगतो की तुझे लोक माझं गवत खराब करतात.

परवा संध्याकाळी फिल्डिंग लावत होतो. थंड वारा सुटला होता. सुवर्णा चहाचा थर्मास घेऊन बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसलेली. तिने हाक मारली, "अहो!" चार मराठी नवरे वळले. मी नाही, मी स्लिपवाल्याला मागे सरकवत होतो. परत "अहो!" परत तेच चौघे. लोक हसायला लागले. मग ती उठून उभी राहिली असावी, कारण पुढचा आवाज वरून आला, खणखणीत. "संतोष!"

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एकवीस वर्षांत तिने माझं नाव कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं, चारचौघांत तर नाहीच. मला स्पष्ट ऐकू आलं. आणि मी वळलो नाही. मान जागची हलेना. नजर बॉलरवर, पाय रोवलेले, श्वास रोखलेला, जसा त्या खाचरांत उभा राहायचो तसा. वळलास की मेलास. मनात म्हणत होतो, अरे गाढवा, तिची हाक आहे, वळ! पण दहा वर्षं शिकवलेलं अंग ऐकेचना.

मागून पावलं वाजत आली. थर्मासचं झाकण आपटल्याचा आवाज आला.

"ऐकू येत नाही का?" सुवर्णा म्हणाली. "का आता मंगेश म्हणून हाक मारू?"

तेव्हा कुठे मी वळलो.